ठसा नको, कसोटी हवी!

हुपरी म्हणजे चांदीचे गाव. पैंजणावर ठसा आहे एवढ्यावर जाणकार भुलत नाही. ठसा कोणालाही उठवता येतो. चांदी कसाला उतरली पाहिजे.

आता समजा, येथल्या एका पेढीला तिजोरीच्या खोलीचे दार कार्डाने उघडायचे आहे. कोणते कार्ड घ्यावे?

चुंबकीय पट्टीच्या कार्डावर एक क्रमांक नोंदलेला असतो. तोच दुसऱ्या पट्टीवर उतरवला की चोराचे काम झाले. हा नुसता ठसा! ज्या चिपमध्ये केवळ क्रमांक साठवलेला असतो, तिचीही गत तीच.

सूक्ष्मप्रक्रियक असलेले कार्ड मात्र एक छोटा संगणकच असते. दारावरचे यंत्र दर वेळी नवी संख्या विचारते. कार्ड आपल्या पोटातील गुप्त किल्ली वापरून उत्तर काढते आणि फक्त उत्तर बाहेर पाठवते. किल्ली बाहेर येतच नाही. कालचे उत्तर आज चालत नाही.

एक प्रयोग करून पाहा. किल्ली ७ आणि रीत गुणाकाराची धरा. प्रश्न १३, उत्तर ९१. पण ऐकणारा चोर ९१ ला १३ ने भागेल आणि किल्ली हाती! म्हणून उत्तरावरून किल्ली काढता येणार नाही अशीच रीत हवी. अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारलेली एईएस ही अशी एक रीत आहे.

किल्लीची लांबीही पाहावी. ४८ बिटांच्या किल्ल्या होतात सुमारे २८१ लाख कोटी. सेकंदाला १० लाख किल्ल्या तपासणारी १०० यंत्रे लावली, तर त्या सगळ्या सुमारे ३३ दिवसांत संपतात. १२८ बिटांच्या किल्ल्यांची संख्या ३९ अंकी आहे!

‘आमची रीत गुप्त आहे’ असे विक्रेता सांगू लागला, तर सावध व्हा. मायफेअर क्लासिक या कार्डाची रीत गुप्त होती आणि किल्ली ४८ बिटांची. २००७-०८ मध्ये जर्मनी व नेदरलंड्समधील संशोधकांनी ती रीत उलगडली. रीत जगजाहीर असली तरी कुलूप टिकले पाहिजे, हे कर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच सांगून ठेवले होते.

यात पदार्थविज्ञानही आहे बरे का! आकडेमोड करताना चिप घेत असलेला विद्युतप्रवाह किंचित कमीजास्त होतो. तो मोजून किल्ली ओळखता येते, हे पॉल कोचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाअखेरीस दाखवले. चांगल्या कार्डात यावरही उपाय केलेला असतो.

कार्डात मागाहून नवा प्रोग्रॅम घालता येत असेल, तर सोय मोठी. पण ती वाटही किल्लीनेच बंद हवी; नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार उघडे!

तेव्हा पेढीने तिसरे कार्ड घ्यावे, पण चार गोष्टी विचारून: रीत उघड व तपासलेली आहे का? किल्ली लांब आहे का? प्रवाहावरून ती फुटते का? प्रोग्रॅम कोण बदलू शकतो?

आता घरातील मोबाइलचे सिम कार्ड हाती घेऊन पाहा. नखाएवढ्या त्या तुकड्यात असाच प्रश्नोत्तरांचा खेळ चालतो. तो ठसा आहे की कसोटी, हे तुम्हीच सांगा!