पर्यटक आला बांधावर

पर्यटनस्थळ केवळ निसर्गसौंदर्यावर चालत नाही. चांगला रस्ता, मुक्कामाची सोय, स्वच्छता आणि तेथलीच म्हणावी अशी एखादी वस्तू यांची जोड लागते. महाबळेश्वर-पाचगणी परिसराचेच उदाहरण घ्या. ज्या थंड हवेसाठी पर्यटक येतात, तीच हवा स्ट्रॉबेरीला मानवते. हे फळ अत्यंत नाशवंत आहे. ग्राहकच बांधावर आल्यास वाहतूक, आडत व नासाडी वाचते. उरलेल्या फळांपासून जॅम व सिरप करता येते. २०१० मध्ये या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

परंतु पर्यटनाची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण उतारावरून बरेचसे पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात, ऐन गर्दीच्या दिवसांत पाण्याची ओढ लागते. बेसुमार बांधकामास आळा घालण्यासाठी २००१ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाला.

आपल्या गावाकडे पर्यटक वळू लागल्यास जमिनीचे भाव वाढतात. विकलेल्या जमिनीचा पैसा एकदाच मिळतो. पुढे त्याच जागी राखणदारी करण्याची पाळी येऊ शकते. म्हणून जमीन राखा. घरचे जेवण, एक-दोन खोल्या आणि शेतमालाची थेट विक्री यांपासून सुरुवात करा. सांडपाण्यासाठी शोषखड्डा व उताराला समतल चर मात्र आधी काढा.