औषध आहे, पण वाट दाखवणारं माणूस हवं



तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वजन कुणाचं घटतं, हे आपणांस सांगायला नको. टोळी, गाडी आणि काटा यांचा मेळ बसावा म्हणूनच आपला चिटबॉय बांधाबांधाने फिरत असतो. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारातही असाच मेळ लागतो.

आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत हा सर्वांत जास्त आढळतो. लवकर सापडला तर बहुतेक वेळा आटोक्यात येतो. पण गाठीचा तुकडा तपासायचा, ऑपरेशन, केमो, मग शेक, पुढे काहींना पाच वर्षे गोळ्या, असा हा लांबचा पल्ला आहे. खिडक्या वेगळ्या, तारखा वेगळ्या, कागद वेगळे. बाई मध्येच कुठेतरी सुटते आणि आजार वाढतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या गरीब वस्तीत डॉ. हेरॉल्ड फ्रीमन यांनी हे ओळखले. तेथील रुग्णालयात 1964 ते 1986 या काळात आलेल्या 606 स्त्रियांपैकी पाच वर्षे जगल्या त्या शेकडा 39. तपासणी मोफत केली आणि 1990 पासून प्रत्येक रुग्णाला वाट दाखवणारं माणूस दिलं. पुढे 1995 ते 2000 मधील 325 स्त्रियांत हे प्रमाण शेकडा 70 वर गेलं.

पहिले मार्गदर्शक त्या वस्तीचीच माणसं होती. पुढे अनेक रुग्णालयांनी अनुभवी सिस्टर या कामी नेमल्या. त्यांना नर्स नॅव्हिगेटर म्हणतात. ही सिस्टर डॉक्टरांचा रिपोर्ट सोप्या भाषेत सांगते, पुढची तारीख धरून देते, बाई आली नाही तर फोन करते. केमोच्या दिवसांत ताप आला तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा, हेही तीच बजावते. पैशाची, गाडीची, घरच्या लेकरांची अडचण ऐकून घेते.

मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही अशी माणसं तयार करण्यासाठी अभ्यासक्रम काढला. नाव दिलं 'केवट'. रामाला गंगापार नेणारा तो नावाडी आपणांस ठाऊकच आहे.

सर्वच दवाखान्यांत असा नावाडी भेटेल असे नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, "आमच्याकडे लक्ष देणारी सिस्टर किंवा समाजसेवक कोण?" घरातलं एक लिहितं-वाचतं माणूस या कामाला नेमा. सगळे रिपोर्ट एकाच फायलीत ठेवा, तारखा वहीत लिहा. रेशनकार्ड, आधारकार्ड जवळ ठेवून महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

आणि माता-भगिनींनो, गाठ लागली तर "हंगाम उरकू दे, मग बघू" असं म्हणू नका. हंगाम दरसाल येतो. गाठ मात्र थांबत नाही.

— ऊस विकास अधिकारी