गावदेवीने राखलेला कडा

अंधेरी पश्चिमेच्या दाटीवाटीत दोन इमारतींच्या मधून काळा कडा एकदम समोर येतो. हीच गिल्बर्ट हिल, उंची सुमारे 200 फूट. कातळातल्या उभ्या पायऱ्या चढून गेलं की माथ्यावर छोटी बाग आणि गावदेवी-दुर्गामातेचं देऊळ. खण-नारळाची पिशवी सांभाळत, मधेच दम खात बायका देवीची ओटी भरायला वर येतात.

चढण्याआधी पायथ्याशी थांबून मान वर करावी. कडा सलग नाही, एकमेकांना घट्ट चिकटलेल्या उभ्या खांबांचा आहे. दख्खनच्या लाव्हाच्या काळातला, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा हा बसाल्ट. तप्त रस निवताना आकसला आणि आकसताना वरपासून खालपर्यंत तडकत गेला, त्यातून हे अनेक बाजूंचे खांब झाले.

असे खांब इथून जोगेश्वरीपर्यंतच्या रांगेत होते. खाणींनी ती रांग काही दशकांत फोडून नेली. 1950 मध्ये अंधेरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली, उपनगर झपाट्याने वाढलं, आणि वाढत्या शहराची दगड-खडीची भूक भागणारी नव्हती. 1952 मध्ये केंद्र सरकारने टेकडीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला खरा, पण पालिकेच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत ती आली 2007 मध्ये, भूशास्त्रज्ञांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यावर. तेव्हा कुठे सभोवतालच्या खोदकामावर बंदी आली.

मधली 55 वर्षं हा एवढा तुकडा कसा टिकला? माझं उत्तर सरळ आहे: माथ्यावर देवी होती म्हणून. कोकणातल्या देवराईत कोणी कुऱ्हाड चालवत नाही, तसाच हा दगड राखला गेला. सरकारी कागदाचं मोल मी कमी लेखत नाही, पण रोज पायऱ्या चढणाऱ्या माणसांची राखण त्याहून जागती असते.

अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर याच जातीचा खांबांचा सुळका, लकोटा आणि इतर आदिवासी जमातींना पवित्र. 1906 मध्ये तो त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक झाला. जूनमध्ये तिथे त्यांचे विधी चालतात, म्हणून 1995 पासून त्या महिन्यात गिर्यारोहकांनी आपणहून चढाई टाळावी, अशी विनंती केली जाते. भक्त आणि अभ्यासक यांना एकाच दगडाचे वाटेकरी मानणारी ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे भूवारसा स्थळांच्या जतनासाठी कायद्याचा मसुदा डिसेंबर 2022 मध्ये जाहीर झाला. इकडे कड्याची झीज चालूच आहे, आणि वस्ती व इमारती पायथ्याला भिडल्या आहेत. सैल झालेल्या खांबांची पावसाळ्याआधी तपासणी व्हायला हवी, ती खालच्या घरांसाठीही. आणि नवरात्रात ओटी भरायला आलेल्या लेकीबाळींना, आपण कशावर उभ्या आहोत, हे माथ्यावरच कोणीतरी मराठीत सांगावं.