भिंती वाचत तंजावर

पहाटे पावणेपाच

महाराष्ट्रातल्या मंडळींना घेऊन तंजावरला येणं हे माझं काम. दिवस सुरू होतो तो खोल्यांची दारं वाजवून. "काकू, उठलात का? खाली कॉफी तयार आहे." मोठ्या मंदिरात सकाळीच जायचं, यावर मी अडून बसते. आत अनवाणी चालायचं असतं आणि ऊन चढलं की तिथली फरसबंदी पाय भाजते. शिवाय दुपारी मंदिर बंद असतं. सकाळचे दोन तास हातचे घालवले, तर उरतात ते फक्त फोटो.

सकाळी सहा

गाडीवाल्या अण्णांनी आम्हाला मराठा वेशीपाशी सोडलं. पुढे केरळांतकन आणि राजराजन ही चोळांची दोन गोपुरं, आणि मग एकदम समोर विमान. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेलं हे शिखर 60 मीटरच्या वर जातं. सगळं ग्रॅनाइट, आणि चहूकडे तर भाताची सपाट शेतं. हा दगड लांबून आणलेला आहे, एवढं सांगितलं तरी मंडळी नव्याने वर बघायला लागतात.

"ताई, या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही ना?" हा प्रश्न ठरलेला. मी त्यांना पश्चिमेच्या अंगाला नेते. कोवळ्या उन्हात सावली लांबलचक पसरलेली असते. या मंदिराला दंतकथेची गरज नाही. जे खरं आहे, तेच पुरेसं थक्क करणारं आहे.

सकाळी सात

दर्शन झालं की मी सगळ्यांना विमानाच्या जोत्यापाशी उभं करते. भोवतालच्या दगडावर तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. तो मंदिराचा हिशेब आहे. राजाने काय दिलं, त्याची थोरली बहीण कुंदवै हिने काय दिलं, राण्यांनी आणि इतरांनी काय दिलं, सगळं नोंदवलेलं. एक नंदादीप अखंड तेवायचा तर मेंढपाळाच्या हवाली 96 मेंढ्या करायच्या आणि त्याने रोज ठरलेलं तूप आणून द्यायचं. नाचणाऱ्या 400 स्त्रियांची नावं आहेत, प्रत्येकीला कुठल्या आळीत घर दिलं तेही आहे. हजार वर्षांपूर्वीची बाई इथे नावानिशी आणि पत्त्यानिशी सापडते. मोठ्या राजांची नावं सगळीकडेच कोरलेली असतात. या भिंतीने मेंढपाळ आणि नर्तकीही जपल्या, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

सकाळी आठ

आता आवाराच्या नैर्ऋत्येकडे. इथे आल्यावर मी मुद्दाम काही बोलत नाही. एका काकूंनी चष्मा सावरला, बोट हवेतच धरून एकेक अक्षर लावलं आणि वळून म्हणाल्या, "अगं, हे तर मराठी!"

हा 1803 चा भोसले वंशाचा इतिहास, सरफोजीराजे दुसरे यांनी कोरवलेला. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी 1670 च्या दशकात तंजावरच्या गादीवर आले. तेव्हापासून 1855 पर्यंत इथे भोसल्यांची गादी होती. पण 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजांच्या हाती उरला होता किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग. अशा वेळी त्यांनी आपल्या घराण्याची हकिकत चोळांच्या मंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवली. सत्ता गेल्यावरही आठवण राहावी, अशी जागा त्यांनी निवडली. काकूंना तिथून हलवायला मला वेळ लागतो, आणि तो वेळ मी वेळापत्रकात आधीच धरलेला असतो.

सकाळी साडेनऊ

न्याहारी. गरम पोंगल, वडा, सांबार, नारळाची चटणी. पोंगलमधले अख्खे मिरे बाजूला काढू नका, एवढंच मी सांगते.

सकाळी साडेदहा

राजवाडा. मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांनी बांधलेला, मराठ्यांनी वाढवलेला. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दालनात ताडपत्रं, जुनी चित्रं, नकाशे पाहायला मिळतात. संग्रहाची सुरुवात नायकांची, पण त्याला आजचं रूप दिलं सरफोजीराजांनी. मोडीतले मराठी कागदही इथे मोठ्या संख्येने आहेत. राजांनी देवनागरी छापखाना काढला आणि 1806 मध्ये तिथून इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने निघालं. शाळेच्या पुस्तकात हे का नाही, असं मंडळी मला विचारतात. मलाही ते असायला हवं असं वाटतं.

मग कलादालन. तिरुवेंगाडूच्या वृषवाहन शिवापाशी मी सगळ्यात जास्त थांबते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीची ही कांस्यमूर्ती. डोक्यावर केसांचं पागोट्यासारखं वेटोळं, एक पाय सहज दुसऱ्यावरून टाकलेला, उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकवलेला. नंदी आता तिथे नाही. तरीही तो हात रिकामा वाटत नाही, शरीराचा सगळा भार तोलून धरल्यासारखा दिसतो.

दुपारी एक

केळीच्या पानावर जेवण. सांबार-भात, रसम-भात, शेवटी ताक-भात.

दुपारी अडीच

अण्णा तिरुवैयारूच्या वाटेला लागतात. एकामागून एक पूल येतात: वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. काठावर कर्नाटक संगीताचे संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. ते 1847 मध्ये गेले; सरफोजीराजांच्या काळातही ते इथे गात होते. समाधीचं आजचं मंदिर उभारलं बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने, आपली कमाई घालून. दर वर्षी आराधनेला शेकडो गायक-वादक इथे एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात.

दुपारी साडेतीन

स्वामिमलै. मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी एक आणि ओतीव मूर्तींचं गाव. कारागीर मेणात राळ मिसळून मूर्ती घडवतो, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा बारीक लेप चढवतो, वर जाड मातीचे थर देतो. साचा तापला की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मग साचा फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती. आज एक जण छिन्नीने बोटांची नखं कोरत होता, हलक्या हाताने, प्रत्येक ठोक्यानंतर अंगठा फिरवून पाहत. सकाळी ज्या वृषवाहनापुढे उभे होतो, त्याची विद्या इथे अजून रोजच्या मजुरीवर जगते आहे. म्हणून मंडळींना मी सांगते, इथे घासाघीस करू नका. मूर्ती घ्यायची नसेल तर घेऊ नका, पण त्या हातांची किंमत पाडू नका.

संध्याकाळी पाच

दारासुरम. बाराव्या शतकातलं राजराज दुसऱ्याचं ऐरावतेश्वर मंदिर. मंडपाला दगडी चाकं आहेत, रथ ओढणारे घोडे आहेत. तंजावरची भव्यता इथे नाही, इथे नाजूकपणा आहे. खांबांवरच्या वीतभर चौकटींत नर्तकी आणि वादक कोरले आहेत. ते दिसायला वाकावं लागतं, म्हणून मी मंडळींना अर्धा तास मोकळं सोडते.

संध्याकाळी साडेसहा

कुंभकोणम. पितळी डबरा-पेल्यात फेसाळलेली डिग्री कॉफी. पहिल्या घोटानंतर गाडीत चढायची कुणालाच घाई नसते.

रात्री नऊ

हॉटेलवर परत. "अक्का, उद्या किती वाजता?" अण्णा विचारतात. उद्या गंगैकोंडचोळपुरम. राजेंद्र चोळाने वडिलांच्या मंदिराला दिलेलं उत्तर, 70 किलोमीटरवर. "साडेपाचला," मी सांगते.

बरेच जण मदुरै-रामेश्वरच्या वाटेवर तंजावरला तासभर उतरतात आणि शिखराचा फोटो काढून निघतात. माझी सगळ्यांना विनंती आहे, इथे दोन रात्री राहा. एक सकाळ फक्त भिंतींना द्या. चोळांच्या हिशेबापासून भोसल्यांच्या इतिहासापर्यंत आठशे वर्षांचं लिखाण एकाच आवारात उभं आहे, आणि त्यातलं एक लांबलचक प्रकरण तुम्हाला कुणाच्याही मदतीशिवाय वाचता येतं.