वाट कोणी पाडली?

दिल्लीच्या डोंगरवाटा : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण सायकल तपासली : टायर, ब्रेक, गिअर, पुढचं सस्पेंशन. आता ती घेऊन बाहेर पडू. दिल्लीत डोंगर कुठले, असं पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. त्याला राष्ट्रपती भवन दाखवायचं. ते ज्या रायसीना टेकडीवर उभं आहे ती अरवलीचीच शेपटी. गुजरातेतून निघालेली ही रांग सुमारे सातशे किलोमीटर चालून इथे जमिनीत बुडते. बुडण्याआधी गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती ज्या टेकड्या सोडून जाते, त्या आपल्या आजच्या वाटा.

मी पुण्याच्या तळजाई टेकडीवर पाय घट्ट केलेला माणूस. डोंगरवाट म्हणजे चढ आणि उतार, एवढंच डोक्यात होतं. मांगर गावाजवळ पहिल्याच महिन्यात तीनदा पडल्यावर कळलं, की इथे चढ किती आहे हे नंतर. आधी विचारायचं, ही वाट पाडली कोणी? सायकलसाठी आखलेली वाट या भागात मला अजून भेटलेली नाही. गुरं, पाणी आणि ट्रक, हे इथले तीन कारागीर. तिघांची कामाची पद्धत वेगळी, म्हणून सायकल हाकायची रीतही वेगळी.

गुरांची वाट

हिला इथे पगडंडी म्हणतात. हातभर रुंद, टेकडीच्या अंगाला आडवी जाणारी. मांगर, कोट, धौज ही गुज्जरांची आणि मेवांची जुनी गावं. इथल्या गाईम्हशी, शेळ्या पिढ्यान् पिढ्या या टेकड्यांवर चरल्या. जनावर सरळ चढत नाही. ते उताराला तिरकं जातं, मध्येच थोडं उतरतं, पुन्हा चढतं. परदेशात डोंगरी सायकलींच्या वाटा बांधणारे लोक एक नियम पाळतात : टेकडीचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको. तसं असलं की पावसाचं पाणी वाट ओलांडून खाली निघून जातं. नाहीतर ते वाटेलाच पाट समजून तिच्यातून धावतं आणि वाट खणून काढतं. हा नियम म्हशींना कोणी शिकवला नाही. जड अंग आणि वाचवलेली दमछाक, एवढ्यावर त्यांनी तो गाठला.

म्हणून पगडंडी वर्षानुवर्षं टिकते आणि नवख्यानं सुरुवात तिथेच करावी. काळजी दोनच गोष्टींची. एक, समोरून येणारा कळप. उतरायचं, सायकल उताराच्या बाजूला घ्यायची आणि कळपाला वरची बाजू द्यायची. घंटी वाजवायची नाही. दुसरी, वेडी बाभूळ. इथे तिला विलायती कीकर म्हणतात. इंग्रजांनी गेल्या शतकात दिल्लीचे उघडे माथे हिरवे करायला हे मेक्सिकोकडचं झाड लावलं आणि त्यानं रान बळकावलं. तिचा वाळका काटा टायरमधून आरपार जातो. ट्यूब घालून आलात तर पंक्चरचं सामान दुप्पट घ्या. ट्यूबलेस टायरमध्ये ओतलेला द्रव असली भोकं आपोआप बुजवतो; या टेकड्यांत तो पैसा वसूल.

पाण्याची वाट

दिल्लीत वर्षभरात पाऊस पडतो पाऊणशे सेंटिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरकर हसतील. पण त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबरात, आणि सरी अशा कोसळतात की कोरडा नाला तासाभरात गुडघाभर वाहतो. उरलेले नऊ महिने नाल्याचा तळ हीच वाट.

इथे दगड समजून घ्यावा लागतो. सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांचा. टायर त्याला धरून राहतो. अरवलीचा इथला दगड क्वार्टझाइट, म्हणजे दाबाखाली भाजून निघालेला वाळूचा खडक, शंभर कोटी वर्षांहून जुना. फुटतो तेव्हा त्याला सुरीसारखी धार येते, आणि कुजतो तेव्हा त्याची लालसर भरड वाळू होते. दिल्लीचे गवंडी जिला बदरपूर म्हणतात ती हीच. धौजच्या कड्यांवर दिल्लीचे प्रस्तरारोहक हात घासतात तोही हाच दगड.

सायकलस्वाराला धार आणि वाळू दोन्ही एकाच नाल्यात भेटतात. वाळूत वळताना पुढचं चाक निसटतं, म्हणून वळण्याआधी वेग कमी करायचा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की माणूस आडवा. हवा थोडी कमी ठेवली तर पकड वाढते, पण फार कमी केली तर धारदार दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. माझ्या वजनाला ट्यूबलेस टायरमध्ये पंचवीस ते तीस पीएसआय मानवते. तुमचा आकडा तुम्ही शोधायचा.

हे नाले जिथे अडवले तिथे तळी झाली. अनंगपूरचा दगडी बांध तोमर राजांच्या काळातला, हजारेक वर्षांपूर्वीचा. सोहन्याजवळच्या दमदमाचा बंधारा १९४७ चा. बडखलचा तलाव मात्र टेकड्या पोखरल्यावर आटला. नाल्यातून सायकल हाकताना मधेच वाट तुटून खाणीचा खड्डा लागतो, तेव्हा पाणी कुठे गेलं याचं उत्तर पायाखालीच असतं.

ट्रकची वाट

सर्वांत रुंद, सरळ आणि फसवी. दिल्लीच्या हद्दीतल्या भाटीच्या खाणी १९९० मध्ये थांबल्या. पलीकडे हरियाणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये आणि मग २००९ मध्ये खाणकामाला लगाम घातला. ट्रक गेले, त्यांचे रस्ते उरले. हे रस्ते टेकडीच्या थेट अंगावर चढतात, निम्म्या उताराचा नियम मोडतात, म्हणून पावसानं त्यांची घळ केली आहे.

खरा धोका रस्त्याच्या शेवटी आहे. हा रस्ता गावाला जात नाही, खाणीला जातो. उतारावर वेग धरून तुम्ही निघता आणि समोर एकाएकी जमीन संपते : खाली उभा कडा, तळाला निळं पाणी. या खाणतळ्यांत पोहायला उतरून माणसं बुडाली आहेत. एका शेळ्या राखणाऱ्या ताऊंनी मला काठी आडवी धरून थांबवलं होतं. पुढे रस्ता नाही, एवढंच म्हणाले आणि बिडी पेटवली. तेव्हापासून अनोळखी खाणरस्ता मी पहिल्यांदा चढताना बघतो, मगच उतरतो.

डोंगरी सायकलचा जन्मही असाच उसन्या रस्त्यांवर झाला. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइसच्या परिसरात वणवा विझवायला बंब जावेत म्हणून केलेल्या मातीच्या रस्त्यांवरून १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली सोडायचे. एका उताराचं नावच 'रीपॅक' पडलं, कारण तळाला पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळायचं आणि ते नव्यानं भरावं लागायचं. वीसेक वर्षांत, १९९६ ला अटलांटात, हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला.

जिथे वाट पाडत नाहीत

मांगरची बणी म्हणजे आपली देवराईच. गुदडिया बाबांचं स्थान, आणि इथली डहाळीही तोडायची नाही असा गावाचा रिवाज. आत धौ नावाचं झाड दाट आहे, आपल्या धावड्याचा भाऊबंद. बाहेर शेळ्यांनी खुरडलेला धौ जमिनीला चटईसारखा चिकटलेला दिसतो. तोच बणीत डोक्यावर जातो. इथे सायकल काठावर ठेवायची आणि गावात विचारून पायी जायचं. पलीकडे असोला-भाटी अभयारण्य आहे. तिथे बिबट्या आहे, फाटकं आणि नियम आहेत, आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्गशिक्षण केंद्रही. अंधारात या बाजूला रेंगाळू नये.

आता एक हिशेब. २० नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं खाणकामाच्या संदर्भात, भोवतालच्या जमिनीपासून शंभर मीटर वर उठेल तीच अरवलीची टेकडी, अशी व्याख्या मान्य केली. मोठा गदारोळ झाला आणि २९ डिसेंबरला न्यायालयानंच तिला स्थगिती दिली. गेल्या रविवारी मी तीन तास सायकल हाकली. घड्याळानं एकूण चढाई साडेचारशे मीटर दाखवली, मांड्यांनी त्याहून जास्त. त्यात सलग साठ मीटरचाही चढ एकदासुद्धा आला नाही. म्हणजे शंभराच्या फूटपट्टीनं पाहिलं तर मी तीन तास सपाटीवर होतो. ती फूटपट्टी परत आली, तर या वाटांवर सगळ्यांत आधी कोणता कारागीर परतेल, हे ताऊंना विचारायची गरज नाही. त्याचे रस्ते तयारच आहेत.

(पुढच्या आठवड्यात : पल्ल्यापासून यमुनेच्या खादरात, सपाट पण दमवणारी वाट.)