तापवून साफ होणारी जमीन, आणि न होणारी

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडी भागातील भंगाराची गोदामे व लहान कारखाने मोठ्या प्रमाणावर पाडले. उठलेल्या माणसाला नवी जागा शोधावी लागते. तो भाडे विचारतो, टेम्पो वळेल का ते पाहतो, विजेची जोडणी पाहतो. त्या जागेवर आधी कोणता धंदा होता आणि त्याने जमिनीत काय सोडले आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्याच वर्षी २४ जुलै रोजी केंद्र सरकारने दूषित जागांविषयी स्वतंत्र नियम जाहीर केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, त्यांची तपासणी व्हायची आणि सफाईचा खर्च घाण करणाऱ्याने सोसायचा, असे त्यांचे सूत्र आहे. तेव्हा ही सफाई होते कशी, हे आपल्या धंदेवाल्यांनी समजून घेतलेले बरे.

प्लेटिंगपूर्वी सुट्या भागांवरचे तेल काढण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, वापरण्याची पद्धत जुनी आहे. ड्रायक्लीनिंगमधले पर्क हे त्याचेच भावंड. दोन्ही पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड. फरशीवर सांडले की उडून गेले असे वाटते. पण पुष्कळसा भाग काळ्या मातीत, मुरमात आणि खालच्या कातळाच्या भेगांत उतरतो, पाण्याच्याही तळाशी बसतो. तेथून तो वर्षानुवर्षे बोअरच्या पाण्यात थोडा थोडा विरघळत राहतो. टीसीईने कर्करोग होतो, हे आता जागतिक पातळीवर मान्य झालेले आहे.

असे पाणी पंपाने उपसत राहणे हा जुना उपाय. तो वाळूत चालतो, चिकण मातीत फसतो. चिकण मातीतून पाणी वाळूच्या मानाने हजारो-लाखो पटींनी सावकाश सरकते. उष्णतेचे तसे नाही. वाळू असो, काळी माती असो की कातळ, ती जवळपास सारख्याच चालीने पसरते. पुण्याच्या जमिनीचा विचार करता ही गोष्ट महत्त्वाची आहे.

शेल या तेल कंपनीच्या तंत्रज्ञांनी जमिनीतले घट्ट तेल सैल करण्यासाठी उष्णता वापरून पाहिली होती. तीच युक्ती पुढे अमेरिकेत सफाईसाठी आली. जमिनीत दहा-वीस फुटांच्या अंतराने पोलादी नळ्या उतरवतात. आत विजेचे हीटर असतात, त्यांचे तापमान ५०० ते ८०० अंश. आजूबाजूची माती हळूहळू शंभर अंशांपर्यंत येते. शेजारच्या जाळीदार नळ्यांतून वाफ ओढून घेतात, थंड करतात आणि उरलेली हवा कोळशाच्या गाळणीतून सोडतात. काम काही महिने चालते.

अत्तराच्या धंद्यातल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. देगेत फुले आणि पाणी घालून खाली जाळ करतात. फुलांचे तेल एकटे उकळायचे तर दोनशे अंशांच्या वर जावे लागेल. पण पाण्याच्या वाफेबरोबर ते शंभराच्या आतच निघून भपक्यात उतरते. टीसीईचेही तसेच. एकटे ते ८७ अंशांना उकळते, पाण्याच्या संगतीत सुमारे ७३ अंशांना. पर्क १२१ ऐवजी ८८ ला. इथे देग म्हणजे जमीनच, आणि भपक्यात येते ते विष. भपका गळका असेल तर ते विष मोहल्ल्याच्या हवेत जाईल, म्हणून वाफ ओढणारा पंप हीटरइतकाच महत्त्वाचा.

मात्र क्रोमियम, निकेल, शिसे यांना या जाळाचे काही वाटत नाही. ती वाफ होऊन निघत नाहीत. प्लेटिंगच्या टाकीखालची किंवा जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागेवरची माती कितीही तापवली तरी धातू तेथेच राहतो. ती खणूनच काढावी लागते आणि परवानगी असलेल्या घातक कचरा केंद्रात न्यावी लागते. पुण्याजवळ असे केंद्र रांजणगाव एमआयडीसीत आहे. डायॉक्सिनसारखे चिवट विष तापवून जाते, पण शंभर अंशांत नव्हे. व्हिएतनाममध्ये दा नांग विमानतळावर २०१२ ते २०१८ च्या दरम्यान अमेरिकेच्या मदतीने माती खणून, तिचे बंदिस्त ढीग रचून ३३५ अंशांपर्यंत तापवावी लागली.

आता हिशेब. एक घनमीटर माती शंभर अंशांवर नेऊन त्यातले बरेच पाणी उडवायला ढोबळ मानाने २०० ते ३०० युनिट वीज लागते. एक गुंठा जागा, पाच मीटर खोल, म्हणजे सुमारे ५०० घनमीटर. मधला आकडा घेतला तर सव्वा लाख युनिट. नऊ रुपये दर धरला तर सव्वा अकरा लाख रुपये, तेही केवळ विजेचे. नळ्या, पंप, प्रयोगशाळेच्या तपासण्या वेगळ्या. पावसाळ्यात भूजल वाहते राहिले तर ते उष्णता घेऊन जाते आणि आकडा चढतो. हे काम मोठ्या कारखान्याच्या ऐपतीचे आहे, गाळेवाल्याच्या नव्हे.

म्हणून भाडेकरार करताना आधीच्या वापराचा उल्लेख लिहून घ्यावा. जागेवर पूर्वी प्लेटिंग, ड्रायक्लीनिंग किंवा बॅटरीचे काम झाले असेल तर ताबा घेण्यापूर्वी माती आणि बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून अहवाल करारालाच जोडावा, म्हणजे पुढे चौकशी आली तर आधीची घाण कोणती आणि आपली कोणती, हे कागदावर राहील.