गुळगुळीत पंखाच्या आत

साच्यातून निघालेला कंपोझिट पंख उचलला की आधी हात फसतो. मीटर-सव्वा मीटर लांबीचा तुकडा, पण वजन जाणवत नाही. अंगाला आरशासारखी चकाकी, रंग साच्यातच चढलेला, कुठे खिळा नाही की शिवण नाही. बाल्सा लाकडाच्या विमानाचं तसं नव्हतं. त्याच्या पातळ आवरणाआडून बरगड्या दिसायच्या, एखादी तडकली असली तर बोटाला लागायची. काचतंतू किंवा कार्बनतंतू रेझिनमध्ये भिजवून केलेल्या विमानाची कातडी हेच त्याचं हाड असतं, आणि आत काय बिघडलंय ते ही कातडी बाहेर दाखवत नाही. रेडिओवर उडणाऱ्या अशा विमानांचे संच 'ऑलमोस्ट रेडी टू फ्लाय' म्हणून विकले जातात, म्हणजे उडायला जवळजवळ तयार. माझं सगळं म्हणणं या 'जवळजवळ'बद्दल आहे. कारखान्याने केलेली कातडी सहसा चोख असते. धोका राहतो तो घेणाऱ्याने घरी बसवलेल्या सांध्यांत, आणि विमान बंद झाल्यावर त्यातले निम्मे सांधे पुन्हा दिसत नाहीत. म्हणून जोडणी म्हणजे निर्मितीनंतरचं किरकोळ काम, असं मानणं मला घातक वाटतं.

मराठवाड्यातल्या गंगापूर तालुक्यात हा विषय परका वाटायचं कारण नाही. वाळूज याच तालुक्यातलं. 1985 साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, आजूबाजूला सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांत असेंब्ली लाइनवर काम केलेलं माणूस सापडतं. लाइनवरची एक साधी सवय आहे. टॉर्क रेंचने बोल्ट कसला की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट किंचित जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पंख धडाला धरून ठेवणाऱ्या बोल्टवर हीच रेघ ओढावी, यापेक्षा सोपी आणि उपयोगी सूचना मला माहीत नाही. मात्र रेघ फक्त बोल्टवर ओढता येते. चिकटवलेल्या सांध्यावर ओढता येत नाही, आणि कंपोझिट विमानात बोल्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळा भरवसा चिकटवण्यावर.

इथे गाठ पडते ती 'फायबर'च्या कामाशी. पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे मडगार्ड, मूर्ती, पत्रे, सगळं आपल्याकडे फायबरचं म्हणून ओळखलं जातं आणि त्यातलं बरंचसं पॉलिएस्टर रेझिनचं असतं. ते काम करणाऱ्याचा हात तयार असतो यात शंका नाही. कापड कुठे ओढायचं, हवेचा बुडबुडा रोलरने कसा काढायचा, हे त्याला कुठलंही पुस्तक शिकवू शकणार नाही. पण त्याच हाताला एक सवय लागलेली असते: थंडी असली की हार्डनर थोडा जास्त, उन्हाळ्यात थोडा कमी. पॉलिएस्टरमध्ये हे चालतं, कारण तिथला 'हार्डनर' शेकडा एक-दोन एवढाच असतो आणि तो अभिक्रिया फक्त सुरू करून देतो. विमानात वापरतात ते इपॉक्सी. तिथे हार्डनर हा सांध्याचा निम्मा संसार असतो. त्याचा प्रत्येक रेणू रेझिनच्या रेणूशी जोडला जातो, म्हणून डब्यावर छापलेलं प्रमाण काट्यावर तोलूनच घ्यावं लागतं. जास्त घातलेला हार्डनर लवकर सुकवत नाही. तो जोडीदार न मिळाल्यासारखा आत तसाच पडून राहतो आणि सांधा कायमचा मऊ ठेवतो. घरोघरी अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूबमधून सारख्या रेघा काढून कप-बशा जोडणारे आपण सगळेच नजरेच्या अंदाजावर वाढलेलो. पंखाच्या सांध्याला तो अंदाज पुरत नाही.

आणि वास. पॉलिएस्टरच्या कामाजवळ गेलं की स्टायरीनचा उग्र दर्प नाकात बसतो, डोळे चुरचुरतात, माणूस आपोआप दार उघडतो. इपॉक्सीला फारसा वासच नाही. त्यामुळे ते निरुपद्रवी वाटतं आणि हातमोजे बाजूला राहतात. त्याच्या हार्डनरने त्वचेला एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती बहुधा जन्माची सोबत होते. पुढे नुसत्या थेंबानेही खाज आणि फोड येतात, आणि असा माणूस हे काम पुन्हा करू शकत नाही. घासताना उडणाऱ्या कार्बनच्या काळ्या धुळीचंही तसंच. ती फुप्फुसाला वाईट आणि वीजवाहक असल्यामुळे शेजारी उघड्या पडलेल्या रिसीव्हरलाही वाईट. ओल्या पॉलिश पेपरने घासावं, चांगला मास्क लावावा, एवढं पुरेसं आहे. ज्या गोष्टीचा वास येत नाही तिच्याबाबतीत शिस्त नाकावर सोपवता येत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

आता एक सांधा जवळून पाहू. पंखाच्या मागच्या कडेला हलणारी पट्टी असते, एलेरॉन. तिला ओढणारा एक छोटा कान तिच्या कातडीत भोक पाडून बसवायचा असतो. अंगठ्याच्या नखाएवढं काम. पण उडताना पट्टी हलवणाऱ्या सर्व्हो मोटरची सगळी ओढ याच कानावर येते. त्याच्या भोवती थोडी जरी ढिलाई राहिली तरी वेगात ती पट्टी फडफडू लागते आणि पाहता पाहता पंख फाडून टाकते. कान नीट बसायचा तर आधी ती सुंदर चकाकी मारावी लागते. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं मेण पृष्ठभागावर उरलेलं असतं, आणि मेणावर कुठलंच इपॉक्सी धरत नाही. म्हणून सॉल्व्हंटने पुसायचं, मग भरड पेपरने घासून चकाकी पूर्ण मरेपर्यंत थांबायचं नाही, पुन्हा स्वच्छ फडक्याने पुसायचं, आणि त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही. मग कापूस-पूड कालवून घट्ट केलेलं रेझिन आत भरायचं, असं की कान वरच्या आणि खालच्या, दोन्ही कातड्यांना धरेल. एकाच कातडीला चिकटलेला कान बाहेरून अगदी तसाच दिसतो. पावसाळ्यात आणखी एक अडचण: दमट हवेत काही इपॉक्सींवर सुकताना चिकट, तेलकट थर येतो. तो साध्या पाण्याने धुतल्याशिवाय त्यावर पुढचं काही चिकटवलं तर सांधा त्या थरावर उभा राहतो.

पण मराठवाड्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो आकडा आहे 54 अंश सेल्सिअस. 1957 साली जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी बांधलेलं 'फिनिक्स' हे काचतंतूंचं पहिलं ग्लायडर उडालं. माणूस बसणारी अशी ग्लायडर पुढे सर्वत्र झाली आणि जवळपास सगळी पांढरी राहिली. ते शोभेसाठी नव्हे. त्यांची रचना 54 अंश सेल्सिअसपर्यंत पुरेशी बळकट आहे हे तपासलेलं असतं आणि पांढऱ्या रंगाखाली उन्हातही ती त्याच्या आत राहते. खोलीच्या तापमानाला सुकलेलं साधं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतं. मे महिन्यात गंगापूरला सावलीतच पारा 40 च्या पुढे जातो. मोकळ्या उन्हातला काळा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी वर, 80 च्या घरात जाऊ शकतो. काळ्याभोर कार्बनचा पंख ढेकळांवर अर्धा तास ठेवला तर तो वितळत नाही, वाकलेला डोळ्यांना दिसतही नाही. फक्त किंचित पीळ घेतो, आणि थंड झाला की त्या पिळासकट पुन्हा कडक होतो. उन्हात तापणाऱ्या आपल्या जमिनीवर 54 हा आकडा फार जवळचा आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला, पांढरं विमान आकाशात हरवतं. खरंय. उडवणाऱ्याला विमानाची दिशाच कळली नाही तर सांधे मजबूत असून उपयोग काय? म्हणून वरची बाजू पांढरी ठेवून पंखाच्या खालच्या, सावलीतल्या बाजूला गडद पट्टे द्यावेत. दुसरा आक्षेप जाणकारांचा: उष्णतेनेच तर इपॉक्सी पक्कं होतं, मग पत्र्याच्या शेडमधली गरमी चांगलीच की. हेही बरोबर. सावकाश दिलेली उष्णता त्याचं मऊ पडण्याचं तापमान वर नेते. पण त्या वेळी पंख साच्यात किंवा सरळ पाळण्यात बसलेला हवा. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला पंख त्याच गरमीत तिरका होऊन पक्का होतो.

बाकीचं काम नेमून दिलेलं आहे आणि त्याला फार शब्द लागत नाहीत. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून सरासरी रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांत आणायचा. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल 4.2 व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, ठेवून देताना 3.8 च्या आसपास ठेवायचा. मोटरची तपासणी पंखा काढूनच. एकाच गोष्टीपाशी थांबतो, कारण ती कंपोझिटचीच आहे. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, आणि रिसीव्हरच्या अँटेनाचं ऐकणारं टोक तिच्या चौथाईएवढं, तीन सेंटिमीटरांच्या थोडं वर. काचतंतूतून ही लहर आरपार जाते, कार्बन तिला अडवतो. ते टोक कार्बनच्या धडात दुमडून राहिलं तर घरात टेबलावर सगळं उत्तम चालतं आणि तीनशे मीटरवर विमान बहिरं होतं. टोक बाहेर काढायचं, आणि उडवण्याआधी ट्रान्समीटर बंद करून मोटर आपोआप थांबते का तेही पाहायचं.

एवढा खटाटोप एका खेळण्यासाठी का, असं विचारणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. पाच किलोचं विमान ताशी 108 किलोमीटर वेगाने येत असेल तर त्यातली ऊर्जा साडेचार मीटर उंचीवरून सोडलेल्या सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीएवढी असते. 2021 च्या ड्रोन नियमांनी छंदासाठी किंवा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्राच्या अटीतून सूट दिली आहे. गंगापूर हे चिकलठाणा विमानतळाभोवतीच्या 12 किलोमीटरच्या निर्बंधित पट्ट्याच्याही कितीतरी बाहेर आहे. सूट योग्यच आहे, नाहीतर मुलं शिकणार कशी? पण तिचा अर्थ असा की त्या कानाच्या सांध्यावर तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही नसते, जोडणाऱ्याचीच असते. आणि हे ज्ञान छंदापुरतं उरलेलंही नाही. केंद्राने 2023 मध्ये मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं. कपाशीवर फिरणाऱ्या अशा ड्रोनचे दुमडणारे हात बहुधा कार्बनच्या नळ्यांचेच असतात, आणि ते तेच ऊन, तीच धूळ आणि वर औषधाचं पाणी सोसतात.

म्हणून हे शिक्षण विमानापासून नव्हे, मोडण्यापासून सुरू व्हावं असं मला वाटतं. आयटीआयच्या एखाद्या तुकडीने फायबरच्या एकाच तुकड्यावर पाच कान बसवावेत: एक न घासता, एक घासून पण न पुसता, एक अंदाजाने कालवलेल्या रेझिनने, एक नीट सगळं पाळून, आणि एक नीट बसवून दुपारभर पत्र्यावर तापवलेला. मग लटकत्या काट्याने पाचही उपटावेत, आणि आकडा लिहून झाल्यावर तुटलेली जागा पाहावी. न घासलेला कान निघतो तेव्हा खाली चकाकी जशीच्या तशी असते, जणू तिथे कधी काही चिकटवलंच नव्हतं. नीट बसवलेला निघाला तर एकटा निघत नाही. त्याच्या तळाशी कातडीतून उपटून आलेल्या पांढऱ्या तंतूंचा झुबका असतो.